दर्यावरचे दप्तर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यवाहसाहेबांनी मला विषय दिला होता, 'जहाजावरील नोकरी आणि आपली मुले'. त्यावर बोलायला माझी ना नव्हती. पण कोणता फॉर्म भरावा, किती टक्के लागतात, डोळे कसे तपासतात, हे सर्व छापील पत्रकात मिळते. त्यासाठी भर उन्हातून आलेल्या तुम्हाला मंडपात बसवून ठेवणे बरे नाही. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी आज एका माणसाची हकीकत सांगणार आहे. तो आरमारात अधिकारी होता, पण त्याच्या लढायांबद्दल मला फारसे बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते त्याच्या वह्यांबद्दल आणि कागदांबद्दल.

त्याचे नाव फ्रान्सिस बोफर्ट. भूगोलाच्या काही पुस्तकांत ते ब्यूफोर्ट असेही छापलेले असते. शाळेत तुम्ही वाऱ्याची बोफर्ट श्रेणी पाठ केली असेल. शून्य म्हणजे वारा पडलेला, बारा म्हणजे झंझावात. एका गुणाचा प्रश्न आहे, तेव्हा पाठ करणे भागच. मी स्वतः हे आकडे बरीच वर्षे जहाजाच्या लॉगबुकात लिहिले. दर पहाऱ्याला वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर आणि समुद्राची स्थिती लिहायची आणि खाली सही करायची. ज्याच्या नावाचा आकडा आपण लिहितो तो माणूस कोण, हा प्रश्न मला नोकरीत असताना एकदाही पडला नाही, हे आधीच कबूल करतो. तो पडला निवृत्त झाल्यावर, आणि का पडला ते शेवटी सांगेन.

बोफर्टचा जन्म २७ मे १७७४ रोजी आयर्लंडमधील नॅव्हन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते, विद्वान होते, आणि कायम कर्जात असत. सावकारांचा तगादा चुकवण्यासाठी या कुटुंबाला बिऱ्हाडे बदलावी लागत. पण त्या कर्जबाजारी माणसाला नकाशांचा नाद होता. आयर्लंडचा एक उत्तम नकाशा त्याने तयार केला आणि तो १७९२ साली प्रसिद्ध झाला. घरात पैसा नव्हता, पण मोजपट्टी, कंपास आणि कागद होते. मुलगा त्यांत वाढला. डब्लिनजवळ डन्सिंक येथे वेधशाळा आहे. तेथील प्राध्यापकांकडे काही महिने तो ग्रहताऱ्यांचे वेध घ्यायला शिकला. त्याचे रीतसर शिक्षण इथेच संपले म्हणायला हरकत नाही. चौदाव्या वर्षी शिक्षण सुटलेल्या मुलाची ही गोष्ट आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. शाळा सोडावी असा त्याचा अर्थ मात्र कोणी काढू नये, नाहीतर मुख्याध्यापक मला पुन्हा बोलावणार नाहीत.

१७८९ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या 'व्हॅन्सिटार्ट' या जहाजावर गेला. हे जहाज चीनच्या बाजूस निघाले होते. वाटेत सुमात्राच्या पूर्वेला, बांका आणि बेलितुंग या बेटांच्या मध्ये गॅस्पर नावाची सामुद्रधुनी आहे. तेथील नकाशे भरवशाचे नव्हते, म्हणून या जहाजाने तिची पाहणी करायची होती. पाहणी चालू असतानाच, ऑगस्ट महिन्यात, जहाज पाण्याखालच्या खडकावर आदळले. तो खडक नकाशात नव्हता. जहाज गेले. माणसे होड्यांत उतरली. त्या होडीत पंधरा वर्षांचा हा मुलगा होता.

आपल्या कोकणपट्टीत हे कोणाला समजावून सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबईजवळ काशाच्या खडकापाशी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ज्या घरांतली माणसे गेली त्या घरांत आजही अवसेच्या दिवशी प्रवासाला निघत नाहीत. खडक तिथेच असतो, वारा तोच असतो. प्रश्न एवढाच की आधी कोणी तो पाहिला होता का, आणि पाहिला असेल तर मागून येणाऱ्याला समजेल अशा रीतीने लिहून ठेवला होता का.

बोफर्ट परत आला आणि ब्रिटिश आरमारात दाखल झाला. त्या पोरवयातच तो एकदा बुडाला. पोर्टस्मथ बंदरात जहाजाच्या बाजूला छोटी होडी बांधताना ती उलटली आणि तो पाण्यात पडला. पोहता येत नव्हते. गटांगळ्या खाऊन तो खाली गेला. वरून एका अधिकाऱ्याने उडी मारून त्याला बाहेर काढले. पुष्कळ वर्षांनी त्याने हा अनुभव डॉक्टर वुलस्टन या शास्त्रज्ञाला पत्राने कळवला आणि ते पत्र पुढे छापले गेले. त्याच्या सर्व कागदांत मला हे पत्र सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून त्याविषयी दोन शब्द जास्त बोलतो. तो लिहितो, की धडपड थांबल्याबरोबर भीती गेली आणि मन शांत झाले. मग विचार विलक्षण वेगाने धावू लागले, पण उलट दिशेने. आधी नुकताच झालेला अपघात, मग मागचा प्रवास, मग शाळा, मग बाळपण. प्रत्येक लहानसहान कृती डोळ्यांपुढे आली आणि तिच्याबरोबर हे बरोबर होते की चूक, ही जाणीवही आली. हे वाचताना आपल्याला आमालनामा आठवल्याशिवाय राहत नाही. पण पुढे तो आणखी एक गोष्ट लिहितो. आपण धार्मिक संस्कारांत वाढलो, तरी त्या क्षणी पुढे काय होईल, परलोकात काय होईल, असा एकही विचार आपल्या मनात आला नाही. धर्मोपदेशकाच्या मुलाने हे लिहावे! 'मी देवाचे नाव घेत होतो' असे लिहिले असते तर कोण तपासायला जाणार होते? पण तसे घडले नाही, म्हणून त्याने तसे लिहिले नाही. त्या पत्राचे सारे मोल या एका गोष्टीत आहे.

लढायांचे थोडक्यात उरकतो. फ्रान्सबरोबरच्या युद्धात त्याने अनेक चकमकी पाहिल्या. २८ ऑक्टोबर १८०० रोजी स्पेनच्या किनाऱ्यावर एक शत्रूचे जहाज पकडताना त्याच्या अंगावर एकोणीस जखमा झाल्या. त्यांत तलवारीचे तीन वार होते आणि बाकीच्या बंदुकीच्या. वय सव्वीस. त्याला बढती मिळाली, वार्षिक पंचेचाळीस पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले, आणि जहाज मिळाले नाही. घरी बसावे लागले. या रिकाम्या काळात त्याने आपल्या मेहुण्याबरोबर डब्लिनपासून गॉलवेपर्यंत खुणांनी संदेश पाठवण्याची यंत्रणा उभारायला मदत केली. १८०५ साली अखेर जहाज मिळाले ते 'वूलिच'. ते लढाऊ राहिले नव्हते, माल वाहणारे झाले होते. आरमारातल्या महत्त्वाकांक्षी माणसाला हा अपमानच वाटायचा, आणि त्यालाही तो लागला. पण त्याच जहाजावर, १३ जानेवारी १८०६ रोजी, त्याने आपल्या खासगी रोजनिशीत एक लहानशी नोंद केली आणि तिने त्याचे नाव जगात राहिले.

नोंद काय होती? आजपासून वाऱ्याचा जोर मी पुढील क्रमांकांनी लिहीन, अशी. त्याखाली शून्यापासून तेरापर्यंत आकडे होते. पुढच्या वर्षी एक पायरी कमी करून त्याने ते बारावर आणले. आकडे घालण्याची कल्पना अगदी नवीन नव्हती. त्याच्या आधी डॅलरिंपल या नकाशाकाराने आणि पवनचक्क्यांचा अभ्यास करणाऱ्या स्मीटन या इंजिनियराने तसे प्रयत्न केले होते. मग बोफर्टने वेगळे काय केले? त्याची तक्रार अशी होती की लॉगबुकात लोक 'मध्यम वारा, ढगाळ' असे लिहितात, आणि यासारखे संदिग्ध दुसरे काही नाही. मध्यम म्हणजे किती? ज्याने उभा जन्म उत्तर समुद्रात काढला त्याचा मध्यम वारा आणि नव्या पोराचा मध्यम वारा एक कसा असेल?

पालकांनी रागावू नये, पण आपल्या घरी हेच चालते. 'पोराचा अभ्यास कसा चाललाय?' 'बरा चाललाय.' 'गणित?' 'ठीक आहे.' या 'बरा' आणि 'ठीक' मध्ये पोर नापास होईपर्यंत कोणाला काही कळत नाही.

बोफर्टने उपाय काढला तो असा. वाऱ्याला मोजायचे तर यंत्र हवे, आणि हलणाऱ्या जहाजावर भरवशाचे यंत्र तेव्हा नव्हते. पण प्रत्येक खलाशाला एक गोष्ट बिनचूक दिसत होती, ती म्हणजे जहाज किती शिडे पेलते. म्हणून त्याने वारा कसा वाटतो हे सोडून दिले आणि वारा जहाजाला काय करायला लावतो ते लिहिले. एक म्हणजे जहाज सुकाणू ऐकेल इतकाच वारा. दोन, तीन, चार म्हणजे सर्व शिडे उभारलेले चांगल्या स्थितीतले लढाऊ जहाज शांत पाण्यात किती नॉट चालेल त्यावरून. पाचपासून पुढे, शत्रूचा पाठलाग करताना कोणती शिडे ठेवता येतील आणि कोणती आखडावी लागतील त्यावरून. दहाला मोठे शीड आखडूनसुद्धा जेमतेम पेलवते, अकराला फक्त वादळी शिडे राहतात, आणि बाराला कोणतेही कापड टिकत नाही. यात मत कुठेच नाही. दोन माणसे वेगवेगळ्या समुद्रांत, वेगवेगळ्या वर्षी लिहितील आणि तरी त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. हवेच्या स्थितीसाठीही त्याने अक्षरे ठरवली. निरभ्र आकाशाला एक, ढगांना एक, धुक्याला एक, असे एकेका अक्षरात काम.

पुढे शिडाची जहाजे गेली आणि वाफेची आली. तेव्हा १९०६ साली सिम्पसन या इंग्रज हवामानशास्त्रज्ञाने हीच श्रेणी जमिनीवरच्या खुणांना जोडून दिली. चार नंबरला धूळ आणि कागदाचे कपटे उडतात, सहाला मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री सांभाळणे कठीण होते, आठला झाडांच्या डहाळ्या मोडतात, दहाला झाडे उपटतात. आपल्याकडे आषाढात सहा नंबर पाहायला समुद्रावर जायला नको, एस.टी. स्टँडवर उभे राहिले तरी पुरे. आणि ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आले तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या ते या मंडपातल्या कित्येकांनी पाहिले आहे. इथे एक घोटाळा दूर करतो, कारण मुले नेहमी विचारतात. बंदरावर 'तीन नंबरचा बावटा' लागतो तो वेगळा. तो बंदराच्या धोक्याच्या इशाऱ्याचा क्रमांक आहे आणि अकरापर्यंत जातो. बोफर्टच्या तीन नंबरला तर पाने हलतात आणि बावटा जेमतेम फडफडतो.

ही श्रेणी त्याने लिहिली १८०६ साली. आरमाराने ती सर्व जहाजांना लागू केली १८३८ साली. मध्ये बत्तीस वर्षे गेली. या काळात त्याने तिचा गाजावाजा केला नाही. तो स्वतःच्या वहीत रोज ती वापरत राहिला, बस्स.

१८११-१२ मध्ये त्याला तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याची पाहणी करायला पाठवले. त्या भागाला तेव्हा करमानिया म्हणत. डोंगरातल्या भेगेतून रात्रंदिवस निघणारी ज्वाला, जिला तुर्क यानार्ताश म्हणजे जळता दगड म्हणतात, ती त्याने पाहून नोंदली. जून १८१२ मध्ये अयास येथे किनाऱ्यावरच्या एका जमावाने त्याच्या माणसांवर हल्ला केला आणि बोफर्टला गोळी लागली. मांडीचा सांधा जायबंदी झाला. समुद्रावरची कामगिरी तेथेच संपली. त्या पाहणीवरचे त्याचे पुस्तक १८१७ साली निघाले. त्याच १८१२ साली त्याने लग्न केले. मुलगी कोणाची, तर 'व्हॅन्सिटार्ट'चा कप्तान लेस्टॉक विल्सन याची. ज्याच्या जहाजावर बुडता बुडता वाचला त्याचाच तो जावई झाला.

नंतर सतरा वर्षे त्याला सरकारने विशेष काम दिले नाही. मे १८२९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तो आरमाराच्या जलालेखन खात्याचा प्रमुख झाला. आमच्याकडे अठ्ठावन्नला माणूस घरी बसतो. याचे खरे काम पंचावन्नला सुरू झाले आणि ते त्याने जानेवारी १८५५ पर्यंत, ऐंशीव्या वर्षापर्यंत केले. त्याच्या हाताखाली सुमारे दीड हजार नवे सागरी नकाशे तयार झाले. भरती-ओहोटीची कोष्टके १८३३ पासून आणि खलाशांना द्यायच्या सूचना १८३४ पासून नियमाने छापून निघू लागल्या. नवा खडक सापडला, दिवा बदलला, बोया हलला की ती बातमी सर्वांना जावी, ही व्यवस्था आजही चालू आहे. मी जहाजावर असताना दुसऱ्या अधिकाऱ्याचे हेच काम असे. सूचना आल्या की लेखणी घेऊन बसायचे आणि नकाशे दुरुस्त करायचे. अतिशय कंटाळवाणे काम. एक दुरुस्ती राहिली तर काय होते हे 'व्हॅन्सिटार्ट'च्या मुलाला विचारावे.

नकाशाची एक रीत मुलांना सांगतो. जिथे खोली मोजलेली नाही तिथे आकडा लिहीत नाहीत, ती जागा कोरी ठेवतात. कोरी जागा पाहून खलाशी जपून जातो. अंदाजाने भरलेला आकडा पाहून तो बेधडक जातो आणि मरतो. परीक्षेत मात्र आपण कोरी जागा सोडत नाही, काहीतरी लिहितो, न जाणो एखादा गुण मिळाला तर! समुद्र असा गुण देत नाही.

१८३१ साली 'बीगल' जहाज जगाच्या सफरीवर निघाले तेव्हा कप्तान फिट्झरॉयला एक सुशिक्षित सोबती हवा होता. बोफर्टने केंब्रिजला आपल्या मित्राकडे विचारणा केली आणि त्या मार्गाने एका बावीस वर्षांच्या तरुणाचे नाव आले. तो चार्ल्स डार्विन. डार्विनची मते आपल्याला पटोत न पटोत, एका पत्रामुळे काय काय घडते ते पाहावे. वाऱ्याची श्रेणी अधिकृतपणे प्रथम वापरली गेली तीही याच सफरीत.

आपल्या संस्थेच्या दृष्टीने मला त्याचे आणखी एक काम महत्त्वाचे वाटते. १८२६ साली लंडनमध्ये उपयुक्त ज्ञानाचा प्रसार करणारी एक मंडळी निघाली. ज्यांना महाग पुस्तके परवडत नाहीत अशा कामगारांना आणि कारागिरांना स्वस्तात चांगले वाचायला द्यावे, हा तिचा हेतू. आपल्या मुंबईत १८४८ साली ज्ञानप्रसारक मंडळी निघाल्या त्याच धर्तीची ही कल्पना. या लंडनच्या मंडळीने सुमारे दोनशे नकाशांची माला काढली आणि तिची देखरेख बोफर्टने केली. दिवसभर कचेरीत आरमाराचे नकाशे, आणि वर हे गरिबांचे नकाशे. ज्याचे स्वतःचे शिक्षण चौदाव्या वर्षी सुटले त्याला हे करावेसे वाटले यात नवल नाही.

इथे कोणी म्हणेल, आणि म्हणावेच, की हा माणूस इंग्रजांच्या आरमारातला. त्याच्या नकाशांच्या जोरावर इंग्रजांनी साम्राज्य वाढवले. त्याची थोरवी आम्ही का ऐकावी? आक्षेप खरा आहे. नकाशा व्यापाऱ्याच्या कामाला येतो तसा तोफांच्याही येतो. पण त्याच वर्षांत, १८२९ ते १८३४ मध्ये, आपल्या मुंबईच्या आरमारातले मोर्सबी आणि एल्वन हे अधिकारी 'पॅलिन्यूरस' आणि 'बनारस' ही जहाजे घेऊन तांबड्या समुद्राची पाहणी करत होते. तो समुद्र प्रवाळ खडकांनी भरलेला आहे. हेतू आगबोटींची टपाल सुरू करण्याचा होता. पण पुढे मुंबईहून जिद्दाला हजची जहाजे गेली ती त्याच खडकांमधून, आणि आपले आजी-आजोबा त्यांवर होते. १९९५ पर्यंत ही वाट चालू होती. लिहिणाऱ्याचा हेतू काहीही असो, एकदा अचूक लिहिलेले सर्वांच्या कामाला येते.

आणि हा इल्म काही इंग्रजांनीच सुरू केला असे नाही. अरबी दर्यावर्दी अहमद इब्न माजिद याने पंधराव्या शतकात हिंदी महासागरातील वाटा, वारे आणि तारे यांवर ग्रंथ लिहिले. त्याच्यामागून सुलेमान अल-महरी याने लिहिले. त्यांचे लिखाण राहिले म्हणून आज त्यांचे नाव घेता येते. आमच्या किनाऱ्यावरच्या नाखवांना मतलई वारा केव्हा सुटतो, कोणत्या नक्षत्राला समुद्र फिरतो, कोणत्या खाडीच्या तोंडाशी पुळण सरकते, हे सर्व माहीत होते. ते बापाकडून मुलाकडे तोंडी गेले. जिथे मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला तिथे ते थांबले.

आता त्याच्या कागदांकडे येतो. बोफर्ट वारला १७ डिसेंबर १८५७ रोजी. हवामानाच्या नोंदी त्याने तरुणपणी सुरू केल्या त्या समुद्र सुटल्यावरही, जमिनीवर, म्हातारपणातही चालू ठेवल्या. नेमणूक असो नसो, सकाळी उठून वारा कोठून, किती, आकाश कसे, हे लिहायचे. या वह्या आज इंग्लंडच्या हवामान खात्याकडे एक्सेटर येथे आहेत. त्याची पत्रे आणि खासगी कागद अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात आहेत. त्यांवरून आल्फ्रेड फ्रेंडली या अमेरिकन पत्रकाराने त्याचे चरित्र लिहिले, ते १९७७ साली निघाले.

त्या कागदांत काही मजकूर सांकेतिक लिपीत होता. तो इतक्या वर्षांनी उलगडला. त्यात घरातल्या अत्यंत खासगी गोष्टी आहेत आणि स्वतःच्या पापांबद्दल स्वतःवरच ओढलेले कोरडे आहेत. तो मजकूर मी इथे सांगणार नाही. मेलेल्याचे ऐब झाकावेत असे आपल्याला शिकवलेले आहे. पण मी पुष्कळ विचार केला, की घरच्यांनी या वह्या जाळल्या असत्या तर? अब्रूसाठी जाळायला कारण भरपूर होते. जाळल्या असत्या तर ती चार पाने गेली असती आणि त्यांच्याबरोबर साठ वर्षांचे वारेही गेले असते. वही एकच असते. दोन्ही गोष्टी ठेवायच्या की दोन्ही जाळायच्या, एवढेच घरच्यांच्या हातात होते. त्यांनी बरोबर केले की चूक, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आता मी हा सगळा खटाटोप का केला ते सांगतो.

माझे वडील आगबोटीवर सुकाणी होते. आपल्या गावांतून घरटी एक माणूस जहाजावर असे. कोणी सारंग, कोणी टंडेल, कोणी कसाब, कोणी आगवाला, कोणी भंडारी. वडिलांचे शिक्षण चार यत्ता उर्दू. पण त्यांच्या पेटीत एक जाड पुठ्ठ्याची वही असे. सुकाणूवरून सुटले की ते तीत काहीतरी लिहीत. आम्ही लहानपणी ती चोरून पाहिली होती. तारीख, बंदराचे नाव, वारा, लाट, आणि मधूनच आमच्यासाठी काय आणायचे त्याची यादी. त्यांना आकड्यांची श्रेणी माहीत नसावी. 'आज रकाबी मेजावर राहत नाही' असे एक वाक्य मला आठवते. त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही. पुढे मी स्वतः अधिकारी झालो, आणि बोफर्टने शिडांवरून वारा कसा लिहिला हे वाचले तेव्हा कळला. रकाबी राहते की पडते यावरून ते समुद्र मोजत होते. कोणी न शिकवता ते तेच करत होते.

वडील वारल्यानंतर काही वर्षांनी आम्ही घराची कौले काढून स्लॅब टाकला. मी तेव्हा जहाजावर होतो. पेटी गंजली होती. घरच्यांनी मला पत्र लिहून विचारले, की जुने कागद आहेत, काय करू? मी उत्तर पाठवले, जागा अडते, काढून टाका. रद्दीवाला घेऊन गेला. दोष घरच्यांचा नाही आणि रद्दीवाल्याचा तर नाहीच. रोज चार-चार तासांनी लॉगबुकात सही करणाऱ्या माणसाने हे उत्तर पाठवले होते.

आपल्या संस्थेच्या वाचनालयात एक लोखंडी कपाट रिकामे आहे. ग्रंथपालांशी मी बोललो आहे. ज्यांच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या वह्या, पत्रे, परदेशातून पाठवलेली कार्डे, जहाजावरचे फोटो, नोकरीचे कागद असतील त्यांनी ते तिथे आणून द्यावेत. कोणाला मूळ कागद द्यायचा नसेल तर फोटो काढून परत करू. ज्यात घरचे काही खासगी असेल ते वेगळ्या लिफाफ्यात, घरच्यांच्या सहीने बंद ठेवू. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना त्यांची यादी करण्याचे काम देण्याचे मुख्याध्यापकांनी कबूल केले आहे. उर्दू वाचणारी मुले आहेत. मोडी वाचणारे एक गुरुजी तालुक्याच्या गावी आहेत, तेही यायला तयार आहेत.

वडिलांचा एकच कागद माझ्याजवळ राहिला आहे. त्यांची सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोकरीपुस्तक. ते पेटीत नव्हते, कपाटात पासपोर्टांबरोबर होते म्हणून वाचले. ते मी आज आणले आहे आणि भाषण संपल्यावर ग्रंथपालांकडे देणार आहे. मुलांनी ते उघडून पाहावे. दर सफरीला एक ओळ आहे. जहाजाचे नाव, चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात कप्तानाचा शिक्का. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल, प्रत्येक ओळीपुढे तोच शिक्का आहे : 'व्हेरी गुड'.